बिघडायची सोय

बाबांनी लॅपटॉपवरचा टॉवेल काढला, त्याची चौपदरी घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि लॅपटॉप न उघडताच धनेशकडे सरकवला.

"तूच उघड," ते म्हणाले. "माझा हात नको त्याला."

धनेशला हसू आलं. लालबागच्या त्या चाळीत गणपत परबांचा हात न लागलेली वस्तू शोधूनच काढावी लागली असती. गिरणीच्या साचा खात्यात, मागांवर, उमेदीची वर्षं गेलेला माणूस. गिरणी बंद पडली, पण ते हातांना कोणी सांगितलंच नाही. शेजाऱ्यांचे मिक्सर, मुकी झालेली घड्याळं, नळाचे वायसर, समोर येईल ते खोलून बसायचे. आणि हाच माणूस आज म्हणतोय, माझा हात नको!

"बाबा, मी तुमची मुलाखत घ्यायला आलोय," धनेश म्हणाला. "ऑफिसचं काम आहे. एकच प्रश्न. कॉम्प्युटरमध्ये काय असायला हवं होतं, जे नाही? मनात येईल ते सांगून टाकायचं."

लोअर परळची त्याची कंपनी वयस्कर माणसांसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार करत होती. म्हणजे कॉम्प्युटर सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत पडद्यामागे बसून जे त्याला चालवतं, ते सगळं. लोकांना काय हवंय ते विचारत फिरायचं काम धनेशकडे होतं आणि ते त्याला मनापासून आवडायचं. लोक तरी काय काय मागत! गिरगावातल्या कालिंदीबाईंचं म्हणणं, कीबोर्डवर मांजर चढलं तर ते कॉम्प्युटरला आपलं आपण कळायला हवं. माहीमचे एक गृहस्थ अपडेटवर खार खाऊन होते. आधी आमची सवड विचारा, म्हणे, ऐन जेवणाच्या वेळी टपकू नका. दादरच्या एका रिटायर्ड हेडक्लार्कांनी तर कमालच केली. फाइल सापडत नाही म्हटलं की कॉम्प्युटरने बायकोसारखं म्हणायला हवं, 'तिथेच आहे, नीट बघा.' आणि ती खरोखर तिथेच असायला हवी!

हा शेवटचा किस्सा धनेशने चांगला रंगवून सांगितला. एरवी बाबा मांडीवर थाप मारून हसले असते. आज ते टॉवेलच्या घडीवरून नुसता हात फिरवत राहिले.

"सांगू?" ते म्हणाले. "काल हिथे कोण बसलं होतं, ते त्याने सांगायला हवं. बसलं होतं की नव्हतंच. आणि बसलं असेल तर काय केलं. एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं."

"म्हणजे हिस्टरी," धनेश म्हणाला आणि त्याने मोबाइलमध्ये टिपून घेतलं. "आणखी?"

"आणखी काय नाय."

"असं कसं? तुम्ही तर रोज वापरता."

"वापरायचो," बाबा म्हणाले आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आई ओट्यापाशी खाली बसून वेलदोडे सोलत होती. संध्याकाळी चाळीच्या हॉलमध्ये गावच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती आणि प्रसादाचा शिरा दरवर्षी तिच्याकडे असायचा. तिने धनेशला मानेनेच जवळ बोलावलं.

"त्यांका त्या कॉम्प्युटरचा काय एक विचारू नको," ती हळूच म्हणाली.

"का? काय झालं?"

आईने एकदा गॅलरीकडे बघून घेतलं. "ते विसराक लागलेत."

धनेश तिच्यापुढे उकिडवा बसला. "काय विसरतात? नावं विसरतात? रस्ता चुकतात?"

"तसला काय नाय रे. बाजार आणतत, गोळ्यो वेळेवर घेतत. माझीसुद्धा त्यांकाच आठवता. पण त्या गाऱ्हाण्याचा काय झाला, देव जाणे."

गाऱ्हाणं ऐकतच धनेश लहानाचा मोठा झाला होता. पूजा आटोपली की बाबा हातात नारळ घेऊन देवापुढे उभे राहत आणि सगळ्या गावाच्या वतीने एकेक मागणं मागत. प्रत्येक मागण्याला अख्खा हॉल 'होय म्हाराजा!' म्हणून साथ देई. गावातल्या सगळ्या देवतांची नावं त्यात मानाप्रमाणे यावी लागत, अगदी शिवेवरच्या राखणदारापर्यंत. एक पुढे नाही, एक मागे नाही. बाबांना ते त्यांच्या वडिलांकडून आलं होतं, ऐकून ऐकून. कुठे लिहिलेलं नव्हतं. आपल्या मागे पोरांना कोण सांगणार, म्हणून बाबांनी ते लॅपटॉपवर लिहून ठेवायचं मनावर घेतलं होतं, एवढं धनेशच्या कानावर होतं. पुढे त्याचं काय झालं, ते त्याने विचारलं नव्हतं.

"दुपारभर बसून लिवायचे," आई सांगत होती. "चष्मो लावून, एकेक अक्षर शोधून. म्हणायचे, शांता, आज देवांची नावा पुरी झाली. आणि दुसऱ्या दिवशी उघडूक गेले की कोरा! काय एक नाय! माका विचारायचे, काल मी लिहिलं ना गो? मी म्हणायची, बसलेलात तर खरे. आता आत काय लिवलात, ता माका काय कळता? मग परत पहिल्यापासून. परत कोरा. किती वेळा झाला, काय सांगू तुका. शेवटी एक दिवस डोक्याक हात लावून बसले. म्हणाले, शांता, मी लिहितच नाय. नुसता बसतो आणि लिहिलं असं मला वाटतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"नको म्हणाले. गपचूप डॉक्टरकडे जाऊन इले. डॉक्टर म्हणालो, वय झाला, आता असाच चलायचा. कसली तरी गोळी दिली हा. मेंदूचो फोटो काढूक सांगितला." आईने हातातली वेलदोड्याची साल चुरडली. "आणि सीतारामाक सांगून टाकला, यंदापासून गाऱ्हाणा माझ्याकडे नको."

आईचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच, ते कोण पुसत होतं हे धनेशला कळून चुकलं होतं. तो हातातल्या मोबाइलकडे बघत राहिला. 'काल हिथे कोण बसलं होतं,' असं त्यात नुकतंच त्याने लिहिलं होतं, आणि पुढे 'हिस्टरी'.

गेल्या दिवाळीपर्यंत बाबांचा दिवसाआड फोन यायचा. धनेश, स्क्रीन उलटी झाली रे. धनेश, मराठी गेलं, सगळं इंग्लिश उमटतंय. धनेश, अक्षरं एवढी मोठी झालीत की एका वेळी एकच मावतंय. तो काही सातासमुद्रापार राहत नव्हता. आकांक्षाला, त्याच्या बायकोला, सरकारी नोकरीमुळे अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं होतं. टॅक्सीत बसलं की लालबाग आलंच. पण जायचं म्हटलं की चहा आला, जेवण आलं, चाळभर चौकशा आल्या, अर्धा दिवस गेला. म्हणून त्याने ऑफिसातूनच बाबांच्या लॅपटॉपमध्ये शिरायची सोय करून ठेवली होती. तो आपल्या खुर्चीत बसून माऊस हलवायचा आणि तिकडे बाबांच्या स्क्रीनवरचा बाण आपोआप चालायला लागायचा. फोन चालूच असायचा. बाण हलला की बाबा म्हणायचे, "आलास?"

ती उलटी झालेली स्क्रीन धनेशला त्याच्या बाजूने सरळच दिसायची. सेटिंगमध्ये गेलं की मात्र तिथे 'उलटी' असं असायचं. ते 'सरळ' केलं की काम झालं. तेवढ्या वेळात बाबा विचारून घ्यायचे, डबा खाल्लास? पोरीचा खोकला कसा आहे? आकांक्षाची बदली होणार होती, तिचं काय झालं? धनेश "हो", "बरा आहे", "बाबा, मीटिंग आहे" करत बाण होता तिथेच टाकून निघून जायचा.

शेवटी दिवाळीला त्याने हात टेकले आणि कायमचा बंदोबस्त करून टाकला. दुकानात मांडायच्या कॉम्प्युटरना त्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं एक कुलूप घालत. गिऱ्हाइकांनी दिवसभर कितीही धुडगूस घातला तरी मशीन बंद करून सुरू केलं की पहिल्यासारखं लख्ख. मधे झालेलं सगळं जातं, बरं असो की वाईट. तेच कुलूप त्याने बाबांच्या लॅपटॉपला घातलं. "आता काही म्हणजे काही बिघडणार नाही," एवढंच त्यांना सांगितलं. लिहिलेलं टिकणार नाही, हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं तरी कसं म्हणावं? समजावत बसायचा त्याला कंटाळा आला होता. बाबा काय लिहिणार, भजनं ऐकतात नि बातम्या बघतात, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने लॅपटॉप नुसता मिटून ठेवला असता आणि लिहिलेलं चार दिवस तरी तगून राहिलं असतं. पण बाबा पडले गिरणीतले. साचा बंद केल्याशिवाय खात्यातून पाऊल बाहेर टाकायचं नाही, ही हयातभराची शिस्त. काम झालं की लॅपटॉप रीतसर बंद, मग भिंतीवरचं बटण बंद, मग फडकं मारायचं आणि वरून टॉवेल. रोजच्या रोज, न चुकता.

कुलूप घातलं आणि फोन थांबले. धनेशला केवढं हायसं वाटलं होतं! ऑफिसात त्याने ते मोठ्या तोऱ्यात सांगितलंही होतं. 'न बिघडणारा कॉम्प्युटर' ही सोय आता त्यांच्या बेतात सगळ्यात वर होती. पुराव्यादाखल एका ज्येष्ठ नागरिकाचं उदाहरण होतं, ज्यांनी दिवाळीपासून मदतीसाठी एकदाही फोन केलेला नाही. उद्या सोमवारी तो ते सगळ्यांसमोर मांडणार होता.

"गणपतदादा!"

दारात मंडळाचे सेक्रेटरी सीताराम घाडी उभे होते, खांद्यावर केळीचे खांब. बाबा गॅलरीतून आत आले.

"शेवटचा विचारतंय," सीताराम म्हणाले. "संध्याकाळी गाऱ्हाणा तुमीच घाला. मी मोबाइलवर कायतरी लिवन घेतलंय, पण माका अर्धीच नावा येतत. वरचो देव खाली गेलो तर लोक माका जित्तो ठेवतीत?"

"नको रे सीताराम. देवापुढे मधीच अडकलो तर?"

"तुमी कधी अडकलास?"

"अजून नाय. म्हणून तर आत्ताच सोडतोय."

सीतारामने धनेशकडे बघितलं. तू तरी सांग, अशी ती नजर होती. धनेशने नजर लॅपटॉपकडे वळवली. "बघा बुवा," म्हणून सीताराम खांब सावरत जिन्याकडे गेले.

धनेशने लॅपटॉप पुढ्यात ओढला. सुरू केला. कुलपाचा पासवर्ड त्यालाच ठाऊक होता. तो घातला, दोन ठिकाणी खुणा काढल्या, मशीन एकदा बंद करून चालू केलं. कुलूप निघालं. एवढंसं काम. त्याची चाहूलसुद्धा कुणाला लागली नाही.

आणि तेव्हा त्याच्या मनात ते आलं. आता बोलायची गरजच काय? आजपासून लिहिलेलं टिकेल. बाबांना वाटेल, गोळी लागू पडली. आई देवापुढे साखर ठेवेल. सगळं जागच्या जागी बसेल आणि आपली अब्रूही जागच्या जागी राहील. यात कुणाचं काय वाईट होणार होतं? त्याची त्यालाच लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

"बाबा, या," त्याने हाक मारली. "मी जरा बघितलं. थोडा प्रॉब्लेम होता, काढला. आता लिहा, राहील."

बाबा येऊन बसले. चष्मा लावला. दोन्ही हात कीबोर्डवर नेले आणि तसेच अधांतरी धरून ठेवले. चालत्या साच्यावर तुटलेला धागा नजरेने टिपणारा माणूस, 'र' कुठे आहे ते शोधायला घाबरत होता.

"नको रे," ते म्हणाले. त्यांनी हात मागे घेऊन मांडीवरच्या टॉवेलमध्ये दडवले. "उद्या उघडलं आणि परत नसलं तर? इतके दिवस सोसलं. आता नाय सोसवणार मला."

धनेशला ते हात बघवेनात.

"बाबा, तुम्ही विसरत नाही," तो म्हणाला.

"अरे, तुला आईने सांगितलं ना..."

"तुम्ही काहीएक विसरत नाही. तुम्ही रोज लिहिलंत. रोज ते इथे होतं." तो म्हणाला. "मी पुसत होतो."

आईचे हात थांबले. मग धनेशने सगळं सांगितलं, जमेल तसं, अडखळत. दिवाळीचं कुलूप. बंद केलं की सगळं जाणं. फोनचा आलेला कंटाळा. तेही सांगितलं, कारण ते सोडून बाकीचं सांगण्यात काही अर्थ नव्हता.

"म्हणजे मी लिहिलं होतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"रवळनाथापासून?"

"हो, बाबा."

"राखणदारापर्यंत? सगळी नावं?"

"तुम्ही म्हणताय लिहिली, तर लिहिलीच असणार."

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. अंगठा एकेका बोटाच्या पेरावरून पुढे सरकू लागला, एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली. करंगळीच्या टोकाशी अंगठा थांबला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. ते भरून आले होते.

"आसत गो," ते आईकडे बघून म्हणाले. "सगळी आसत."

आईने पदर डोळ्यांना लावला, आणि पुढच्याच क्षणी ती धनेशवर अशी उसळली की वेलदोड्यांचं ताट कलंडलं.

"तुका फोन उचलूचो कंटाळो? माणूस झोप नाय, जेवण नाय, आतल्या आत झुरत होतो! स्वतःक वेडो समजाक लागलो होतो! फोन करायच्या आधी हे शर्ट घालायचे, ठावक आसा तुका? भांग काढायचे! मी म्हणायची, अवो, तो काय तुमका बघता? तरी घालायचे! आणि तू..."

"शांता," बाबा म्हणाले. "पुरे."

धनेशची मान वर होईना. "चुकलो, बाबा," तो म्हणाला. शब्द फारच तोकडे पडत होते, हे त्याचं त्यालाच कळत होतं. बाबांनी दोन शिव्या हासडल्या असत्या, लहानपणी द्यायचे तशी एक पाठीत ठेवून दिली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. बाबांनी तसलं काही केलं नाही. ते लॅपटॉपकडे बघत बसले.

"कुलूप काढलंस?"

"काढलं."

"म्हणजे आता परत बिघडेल?"

"बिघडेल. कधीमधी."

"बरं झालं," बाबा म्हणाले.

थट्टा करताहेत की काय, म्हणून धनेशने वर बघितलं. तोंडावर तसं काही दिसलं नाही. बाबा उठले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकून त्यांनी आवाज दिला. साच्यांच्या खडखडाटात कमावलेला तो आवाज कितीतरी दिवसांनी चाळीत घुमला.

"सीताराम! नारळ माझ्याकडे ठेव रे!"

संध्याकाळी हॉल गच्च भरला. पोथी झाली, आरती झाली, तीर्थप्रसाद मागे ठेवून सगळे उभे राहिले. बाबा चौरंगापुढे गेले. दोन्ही हातांत नारळ धरला, डोक्यावरची टोपी सारखी केली.

"बा देवा रवळनाथा, आई सातेरी..."

एकेक नाव येत गेलं. सीताराम त्यांच्या बाजूला हात जोडून उभे होते आणि प्रत्येक नावाला सुटल्यासारखी मान हलवत होते. कुठे अडखळणं नाही, कुठे शोधणं नाही. शिवेवरचा राखणदार आला आणि बाबांनी श्वास घेतला.

"आज हयसर मुंबयच्या जागेर तुझी लेकरा जमून जी काय वाकडीतिकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो कोण पोटासाठी घराभायर आसा, तेका सुखरूप परत घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

धनेश भिंतीला टेकून म्हणत होता, लहानपणापासून म्हणत आला होता तसाच. सगळी मागणी त्याला पाठ होती. पुढचं कोणतं, तेही ठाऊक होतं.

"आणि कोणाच्या हातसून कळत-नकळत काय चुकला-माकला आसात, तर ता पदरात घे. तेच्यावर राग धरू नको रे म्हाराजा!"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते देवाकडेच बघत होते. दरवर्षी ह्या जागी हेच शब्द यायचे. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"होय म्हाराजा!" हॉल गरजला. धनेशचा आवाज फुटला नाही. आईने शेजारून त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा सगळ्यांच्या मागून, एकट्याचाच, अर्धामुर्धा होकार बाहेर पडला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

सोमवारी मीटिंग सुरू झाली तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर 'न बिघडणारा कॉम्प्युटर' ही अक्षरं तशीच होती. सकाळभर समोर बसूनही, त्या जागी काय लिहावं ते धनेशला सुचलं नव्हतं. श्रेया, त्याची वरिष्ठ, म्हणाली, "चल, धनेश, तूच सुरुवात कर. तुझ्या त्या फोन न करणाऱ्या आजोबांपासून."

त्याने तोंड उघडलं आणि टेबलावरचा फोन थरथरला. बाबा.

पूर्वी त्याने फोन पालथा घातला असता. आज तो उठला, लॅपटॉप काखोटीला मारला, "आलोच," म्हणाला आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला.

"धनेश, स्क्रीन उलटी झाली रे," बाबा म्हणाले.

"थांबा, बघतो."

त्याने लॅपटॉप जोडला. बाबांची स्क्रीन समोर आली. गाऱ्हाणं उघडंच होतं. काल रात्रीपर्यंतचं सगळं जागच्या जागी, रवळनाथापासून खाली. धनेशने माऊस हलवला आणि तिकडचा बाण चालू लागला.

"आलास?" बाबा म्हणाले.

"आलो."

मागून आईचा आवाज आला, "अवो, कॉलर तरी नीट करा."

धनेशने सेटिंग उघडलं. स्क्रीनच्या दिशेपुढे 'सरळ' असं होतं. त्याने बंद करून पुन्हा उघडलं. सरळच होतं. काहीच उलटं झालेलं नव्हतं.

दार उघडून श्रेया डोकावली. "किती वेळ, धनेश? सगळे थांबलेत." त्याने हातानेच तिला थांब म्हटलं.

"काय रे?" फोनवर बाबांचा आवाज जरा धास्तावला होता. "नाय होत सरळ?"

धनेशने बाण देवांच्या नावांवरून हळूच खाली नेला, पुन्हा वर आणला, पुन्हा खाली नेला.

"चांगलीच उलटी झालीय, बाबा," तो म्हणाला. "वेळ लागेल."

"लागू दे," बाबा म्हणाले. "डबा खाल्लास?"